दुसरा कागद

चैत्रात कडुनिंब फुलला की आमच्या घरात सगळ्यांना बरं वाटतं आणि मला काही सुचेनासं होतं. सोसायटीच्या भिंतीला लागून एक थोराड झाड आहे. सकाळी बाल्कनीत त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. बायको तो लगेच झाडत नाही, म्हणते, राहू दे, वास चांगला येतो. येतो खरा. पण त्या वासामागोमाग माझ्या नाकात जुना कागद, वाळवीची माती आणि डांबरगोळ्या यांचाही वास येतो, आणि मी अर्धा चहा तसाच ठेवून आत जाऊन बसतो. पंच्याहत्तरी उलटली तरी हे काही सुटलेलं नाही. मुलगा म्हणतो, बाबांना ॲलर्जी आहे. असू दे. ॲलर्जी म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण आम्हाला तो खरा भेटला त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. आडात बादली सोडली की खडकावर आपटल्याचा आवाज यायचा. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना बायका तिला शिव्या घालायच्या, कारण ती तव्यावर जायच्या आधीच फुटायची. नगर शहराबाहेर कुठल्याही रस्त्याने सायकल काढली की दोन्ही बाजूंना माणसं खडी फोडत बसलेली. जमीनवाले आणि बिनजमिनीचे, सगळे एका ओळीत. डोक्यावर पदर नाहीतर टॉवेल, पुढ्यात दगड, हातात हातोडी. तो ठक ठक आवाज इतका सगळीकडे होता की तो थांबला तरच कळायचं. आणि त्या सगळ्यात एकटे कडुनिंब तेवढे अंगभर फुललेले. लष्करी छावणीतल्या रस्त्यांवर तर दुतर्फा. मला त्यांचा रागच यायचा.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि शिक्षांचा अभ्यास करत होतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, इंग्लंडच्या राणीच्या काळात, पलटणीत आणि आरमारात सैनिकांना, खलाशांना कोणत्या शिक्षा होत, तुरुंगात त्यांचं काय होई, या विषयावर मी प्रबंध लिहीत होतो. विषय पुण्याच्या आमच्या सरांनी दिला होता. आईला श्रीगोंद्याला जाऊन सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दुसरं काय न्हाई मिळालं व्हय रं शिकायला? मारहानीचा काय अभ्यास करायचा? आपल्या गावात रोज हुती." मला तेव्हा हसू आलं. पुढे ज्या दिवशी आठवलं त्या दिवशी आलं नाही.

छावणीत एका जुन्या बराकीच्या टोकाला एक खोली होती. पूर्वीच्या पलटणींचे टाकाऊ कागद तिथे पेटाऱ्यांत भरून ठेवलेले होते. कोणाला नको होते, पण जाळायचा हुकूमही कोणी दिलेला नव्हता. चार महिने अर्ज करून मला तिथे बसायची परवानगी मिळाली. दहा ते पाच. खोलीची किल्ली शांतवनबाबांकडे असायची. ते तिथले चौकीदार. पंच्याहत्तरीचे, काळे, काटक, खाकी सदऱ्याची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेले. नोकरी केव्हाच संपलेली, पण त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि त्यांनीही आठवण करून दिली नव्हती. धर्माने ख्रिस्ती. बापाच्या वेळी घर ख्रिस्ती झालं आणि नेवाशाकडचं गाव सोडून नगरला आलं. बायबल मराठीत घडाघडा वाचायचे. इंग्रजी अक्षर मात्र एकही येत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हाताला शिक्षेची वही लागली. जाड चामडी बांधणीची, कडा उंदरांनी खाल्लेल्या. नंबर, नाव, कंपनी, गुन्हा, शिक्षा. पानंच्या पानं. दारू पिऊन पहाऱ्यावर आला: इतके दिवस अंधारकोठडी, पाव आणि पाणी. वरिष्ठाला उलट बोलला: इतके फटके. पळून गेला: कैद, आणि अंगावर सुईने अक्षर गोंदून त्यात काळी पूड भरायची, म्हणजे पुन्हा कुठे गेला तरी सदऱ्याखाली त्याची ओळख निघावी. मी हे सगळं सुवाच्य अक्षरात कार्डांवर उतरवून घेत होतो. दुपारपर्यंत वीस कार्डं झाली की मला बरं वाटायचं. आज ते 'बरं' आठवलं की लाज वाटते, पण वाटायचं हे खरं.

फटके कसे मारत हेही मी तिथेच नीट वाचलं. सगळी पलटण चौकोनात उभी करायची. मधे तीन काठ्यांचं तिकाटणं. त्याला माणूस बांधायचा. आधी शिक्षा मोठ्याने वाचून दाखवायची. मग ढोल वाजवणारी माणसं पुढे यायची, कारण पलटणीत चाबूक मारायचं काम त्यांच्याकडे असे. नऊ पदरांचा चाबूक. एकाचे पंचवीस झाले की दुसरा. बाजूला डॉक्टर उभा. तो माणसाची नाडी बघून सांगायचा, अजून सोसेल. नाही सोसलं तर थांबायचं, जखमा भरू द्यायच्या आणि उरलेले नंतर मोजायचे. आणि मारणाऱ्याच्या मागे त्याचा वरिष्ठ छडी घेऊन उभा. मारणाऱ्याचा हात हलका पडतोय असं वाटलं की ती छडी त्याच्या पाठीत. आरमारात तर चोरासाठी वेगळाच चाबूक होता, जास्त गाठींचा. खुन्यापेक्षाही चोराबद्दल त्यांना जास्त तिटकारा असावा असं मी एका कार्डावर लिहून ठेवलं आणि खाली रेघ मारली.

दुपारी बारा-साडेबाराला बाबा आत यायचे. आम्ही खिडकीखाली जमिनीवर बसून जेवायचो. माझा खानावळीचा डबा, त्यांची मिलोची लाल भाकरी आणि चिंचेचं सार. दूरवर मैदानात रणगाडे चालायचे त्याची घरघर जमिनीतून कानाला लागायची आणि पेटाऱ्यांवरची धूळ थोडी हलायची. ते विचारायचे, आज काय गावलं? मी सांगायचो. एकदा मी त्यांना तोफगोळ्यांची कवायत सांगितली. कैद्याने जड गोळा उचलायचा, चार पावलं चालायचं, खाली ठेवायचा, परत यायचं, दुसरा उचलायचा. सगळी रास तिकडे झाली की तीच परत इकडे आणायची. तासन्‌ तास.

"मंग बांदायचं काय त्याचं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. तीच शिक्षा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आमची रिबका खडी फोडती," ते म्हणाले. "हाताची सालटी निगाल्यात. पर त्याचा रस्ता तरी हुईल."

रिबका त्यांची सून. मुलगा मुंबईला गेला आणि तिकडेच कुठे विरून गेला, तेव्हापासून ती आणि बाबा दोघंच. दुष्काळी कामावर ती पहाटे जायची. मी तिला तोवर एकदाच पाहिलं होतं, विसरलेली किल्ली द्यायला आली तेव्हा. उंच, कमी बोलणारी. उंबऱ्याबाहेरूनच आतल्या पेटाऱ्यांकडे तिने असं पाहिलं की मी उगाचच उठून उभा राहिलो.

महिनाभर रोज एकत्र जेवल्यावर एका दुपारी बाबा डबा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मास्तर, येक नाव बगता का त्या वहीत?"

"कोणाचं?"

"सखाराम. माजा आजा."

मग त्यांनी सांगितलं. आजा पलटणीत होता. काय म्हणून होता ते ठाऊक नाही. एक दिवस त्याला सगळ्या पलटणीपुढे उभा केला, कोटाची बटणं एकेक करून तोडली आणि ढोल वाजवत फाटकाबाहेर हाकलला. तो चालत गावी आला, कोट उघडाच. का काढलं ते त्याने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. गावाने मात्र नाव ठेवलं: बटनतोडे. घरच चोराचं झालं. बाबांचा बाप एकदा घोडेगावच्या बाजारात शेळी घ्यायला गेला, तर विकणारा शेजाऱ्याला म्हणाला, "बटनतोड्याचा हाय. दावं घट्ट धर." बाप शेळी न घेताच परतला आणि पुन्हा त्या बाजाराची पायरी चढला नाही.

"तीस वर्सं झाली मी या दाराला कुलूप लावतुय आन काडतुय," बाबा म्हणाले. "ही नोकरी मागून घेतली मी. पलटनीचे कागद हितं हायती म्हनून. रोज पेटाऱ्यांवरली धूळ झाडतो. आत आज्याचा गुन्हा लिवलेला हाय का न्हाई, ठावं न्हाई. एकदा एका कारकुनाला इचारलं. हसला त्यो."

मी वहीकडे पाहिलं. तीस वर्षं माणूस स्वतःच्या घराण्याच्या प्रश्नाची राखण करत बसला होता आणि त्याला ती वही वाचता येत नव्हती.

"काय बी आसू द्या," ते म्हणाले. "चोरी आसंल, न्हाईतर तिच्यापरीस वाईट आसंल. मला सोसंल. फकस्त मरायच्या आदी कळलं पायजे."

दहाव्या दिवशी सखाराम सापडला. आणि दोन पानांनंतर दुसरा सखाराम सापडला.

पहिला ढोलवाला. त्याचा गुन्हा असा: आपल्याच पलटणीतल्या शिपायाला फटके मारताना जाणूनबुजून हात हलका ठेवला, तंबी देऊनही सुधारला नाही. शिक्षा: त्यालाच फटके, बटणं तोडून, ढोल वाजवून हकालपट्टी. दुसरा साधा शिपाई. गुन्हा: सरकारी कोठारातून एक कांबळं चोरलं. शिक्षा: तीच, अक्षर न्‌ अक्षर तीच. दोघांच्याही नावापुढे गाव लिहिलेलं नाही. गाव असे ते भरतीच्या वहीत, आणि त्या पलटणीच्या भरतीच्या वह्या पुण्याच्या एका दप्तरात गेलेल्या होत्या.

आमच्या सरांचा एक दंडक होता. एका कागदावर विसंबायचं नाही. दुसरा कागद मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्यांनी एकदा भर वर्गात एका हुशार मुलीचं टिपण फाडलं होतं, एकाच पत्रावर तिने निष्कर्ष काढला म्हणून. ते मी मनावर कोरून घेतलं होतं. त्या संध्याकाळी कुलूप लावताना बाबांनी विचारलं, "घावलं का काही?" मी म्हणालो, "शोधतोय अजून."

हे खोटं नव्हतं, असं मी मला सांगितलं. खरंही नव्हतं.

एसटीने पुणं तीन-चार तासांवर. दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. पण मी सकाळचे तास घ्यायचो त्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या आणि मला पर्यवेक्षणाची कामं लागली होती. मुलं बाकांवर घाम पुसत पेपर लिहायची, बाहेर नळाला पाणी नाही म्हणून घशाला कोरड, आणि मी रांगांमधून फेऱ्या मारत दोन सखारामांचा विचार करायचो. मग ऊन फार होतं. मग एसटीला गर्दी फार होती. खरी गोष्ट ही की मी जायचं टाळलं. मला पहिला सखाराम हवा होता. मनातल्या मनात मी त्याला बाबांचा आजा करूनही टाकला होता. बाबा कुलूप कसं हळूच लावतात, धूळ झाडताना वही कशी अलगद धरतात, हे मी बघायचो आणि म्हणायचो, हाताचा हलकेपणा उतरलाय की नाही बघा! इतका मोठा इतिहासकार मी. दुसरा कागद पाहिला असता आणि तो चोर निघाला असता, तर ते या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? 'मला सोसंल' असं ते म्हणाले होते. मी ते ऐकलं होतं, पण धरलं नव्हतं. त्यांना काय सोसेल ते मीच ठरवून मोकळा झालो होतो. तिकाटण्याशेजारी उभा राहून नाडी बघणाऱ्या त्या डॉक्टरबद्दल मी किती तिरस्काराने लिहिलं होतं.

रोज संध्याकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर. वीस-बावीस दिवस. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. नुसते माझ्याकडे बघायचे आणि मी सायकलच्या कुलपाशी खटपट करायचो.

वैशाखात एक दिवस खोलीला कुलूप तसंच होतं. बाबांना उन्हाची झळ लागली होती. दुपारी त्यांच्या घरी गेलो. एका खोलीचं पत्र्याचं घर, दारात ओलं पोतं टांगलेलं, तेही वाळून कडक झालेलं. बाबा खाटेवर होते. सदऱ्याची बटणं उघडी होती. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मी आलेला दिसताच त्यांचा हात पहिल्यांदा गळ्याशीच गेला. रिबका त्या दिवशी कामावर गेली नव्हती. तिने त्यांचा हात खाली घेतला आणि कांद्याचा रस तळपायांना चोळत राहिली.

"मास्तर," ते म्हणाले, "घावलं ना?"

त्यांना माझ्या तोंडावरून कळलं होतं. कदाचित पहिल्या संध्याकाळीच कळलं असेल. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. दोघेही सखाराम. एवढंच सांगायचं होतं की दोन आहेत, त्यातला तुमचा कोणता ते ठाऊक नाही. तेही मी सांगितलं नाही.

"अजून एक कागद बघायचाय बाबा," मी म्हणालो. "पुण्याला. उद्याच जातो. मग खात्रीने सांगतो."

त्यांनी डोळे मिटले. "बगा," ते म्हणाले. "घाई न्हाई."

पुण्यात अर्ज, मग सही, मग दप्तर बांधून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी वही पुढ्यात आली. अर्ध्या तासात काम झालं. हलक्या हाताचा ढोलवाला सखाराम कोकणातला निघाला, रत्नागिरीकडचा. कांबळ्याच्या सखारामापुढे नेवाशाजवळचं ते गाव स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. माझ्याकडे दुसरा कागद होता. सर बाजूलाच बसले होते, ते म्हणाले, "छान. आता हे पक्कं झालं." परतीच्या गाडीत मी पूर्ण वेळ एकच ठरवत आलो की बाबांना पहिला सखारामच सांगायचा. आयुष्यात एकदा कागद खोटा ठरवायचा. वाटेतल्या सुप्यापर्यंत मी वाक्यंही जुळवली होती.

स्टँडवरून तसाच गेलो. घराला कडी होती. शेजारच्या बाईने सांगितलं की बाबा परवा गेले. मातीही परवाच झाली.

रिबका पुन्हा कामावर गेली होती. शहराबाहेर तीन-चार मैलांवर मी तिला शोधलं. त्या लांबच लांब ओळीत सगळ्यांची डोकी झाकलेली, सगळ्यांवर सारखीच पांढरी धूळ. मी सायकल धरून कडेकडेने चाललो होतो, आणि कोणी वर बघत नव्हतं. तिनेच हाक मारली. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि आधी काय बोलावं ते न सुचून म्हणालो, "कळलं मला. आज्यांचं."

तिने हातोडी खाली ठेवली. तळव्यांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"काय केलं हुतं?"

जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे. पण तिच्या तोंडाकडे बघत ती बोलता येईनात. "चोरी," मी म्हणालो.

"कशाची?"

"कांबळ्याची. एका कांबळ्याची."

तिने तळव्यावरची सुटलेली चिंधी पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "थंडी आसंल."

मी खिशातून कार्ड काढलं. माझंच अक्षर, ठळक, रेघा मारलेल्या. नंबर, नाव, कंपनी, गुन्हा, शिक्षा, आणि कोपऱ्यात महिना. जानेवारी. महिनाभर ते कार्ड मी जवळ बाळगत होतो. पुण्याच्या वहीशी ताडून त्यापुढे बरोबरची खूणही केली होती. जानेवारीत थंडी असते हे मात्र माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"एवडंच हुतं व्हय?" रिबका म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हाताऱ्याला जलमभर वाटायचं, आज्यानं कुनाचा तरी जीव घेतला. आक्का दिस त्योच घोर. शेवटच्या दिवशी मला म्हनला, रिबका, आज्याच्या हातनं रगत सांडलं आसंल तर देव इचारंल का गं मला?" तिने पदराने तोंड पुसलं, धूळ आणखीच पसरली. "कांबळ्यापायी... तुमाला कवा कळलं मास्तर?"

"चैत्रात," मी म्हणालो. दोन सखारामांपैकी कोणाच्याही नावावर खून नव्हता, हे तेव्हाच कळलं होतं.

"मंग सांगायचं ना," ती म्हणाली. "हसला आसता ओ म्हातारा."